साखरबाईची घासाघीस

वरकुट्याच्या दत्तोबाला एक घोंगडी विणायला जेवढा वेळ लागतो, त्याहून जास्त वेळ त्याच्या बायकोला ती विकायला लागतो, असं गावात थट्टेनं म्हणत. साखरबाईला हे ठाऊक होतं आणि तिला त्याचा राग येत नसे. उलट ती म्हणायची, विणताना माणूस एकटा असतो, विकताना चार माणसं भेटतात, मग घाई कशाला करायची?

त्यांची मेंढरं सासऱ्याच्या काळातच गेली होती. आता ज्यांच्याकडं अजून कळप होते त्यांच्याकडून लोकर आणायची, साखरबाईनं ती पिंजून चातीवर सूत काढायचं, त्याला चिंचोक्याची खळ द्यायची आणि दत्तोबानं मागावर बसायचं, असा संसार चालला होता. लेक रेश्मा जळोचीला दिली होती. हिवाळा लागला की साखरबाई घोंगड्यांचं गाठोडं घेऊन लेकीकडं मुक्कामाला जायची आणि रोज सकाळी बारामतीत भिगवण रस्त्याच्या कडेला एका लिंबाखाली बसायची. दत्तोबा अबोल. तो बाजारात बसला की पहिलं गिऱ्हाईक जो भाव म्हणेल त्यालाच मान डोलवायचा, म्हणून साखरबाईनं त्याला बाजारातून कायमचं काढून टाकलं होतं.

तिच्या बोलण्यात धार होती, पण ती कुणाला कापत नसे. गिऱ्हाइकानं भाव पाडून मागितला की ती आधी त्याचं गाव विचारायची, मग त्या गावातली एखादी सोयरीक काढायची, मग त्याच्या अंगातल्या सदऱ्याचं कौतुक करायची आणि मग म्हणायची, एवढा चांगला सदरा घालणारा माणूस असा भाव कसा काय मागतो? गिऱ्हाईक हसलं की निम्मं काम झालं. कुणी न बोलता मागेल ते पैसे देऊन गेलं, तर मात्र ती दिवसभर खट्टू असायची. आपलं काही चुकलं का, असं तिला वाटत राही.

किल्लारीला भूकंप झाला त्या वर्षीच्या थंडीत तिच्या लिंबाशेजारी बांबू रोवले गेले. त्यावर निळं प्लास्टिक ताणलं गेलं आणि पाचसहा दुकानांची रांग उभी राहिली. स्वेटर, कानटोप्या, मफलर, सगळं रंगीबेरंगी आणि टांगलेलं. विकणारी माणसं चपट्या नाकाची, गोरी, बारीक डोळ्यांची. बारामतीकर त्यांना सरसकट नेपाळी म्हणू लागले. ती खरं तर तिबेटची होती आणि बापजाद्यांबरोबर तिकडून निघून आलेली, हे कळायला साखरबाईला पुढं बरेच दिवस लागले.

लिंबाला अगदी लागून ज्या बाईचं दुकान होतं ती पस्तिशीची असावी. केसांच्या दोन वेण्या, कानात निळा खडा, लुगड्यासारखा पायघोळ झगा आणि त्याच्यापुढं कमरेला बांधलेलं पट्ट्यापट्ट्यांचं फडकं. तिचं नाव यांगझोम. साखरबाईच्या जिभेला ते झेपलं नाही, म्हणून ती यांगूबाई झाली.

पहिले काही दिवस दोघींचं वाकडंच होतं. जे गिऱ्हाईक दरवर्षी घोंगडीकडं वळायचं ते आता स्वेटर चाचपू लागलं. साखरबाई जागेवरूनच ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "ह्या लोकरीनं मेंढी बघितलेली न्हाय बरं का. ही कारखान्यात जल्मली." यांगूबाईला मराठी कळत नव्हती, पण रोख कळत होता. ती उठून यायची, घोंगडीचा कोपरा उचलायची, तो मानेला लावायची आणि मान कराकरा खाजवल्याचं सोंग करायची. गिऱ्हाईक खो खो हसायचं. साखरबाईला मनातून मानावं लागलं की बाई सोंग चांगलं करते.

मग एक दिवस कर्नाटकातला एक ट्रकवाला तिथं थांबला. त्याला स्वेटर हवा होता. यांगूबाईच्या तोंडून एकदम कन्नड सुरू झालं, कारण तिचं राहणं मुंडगोडच्या निर्वासितांच्या कॅम्पात, कन्नड मुलखात. ती नूरैवत्तु म्हणत होती, म्हणजे दीडशे. ट्रकवाला शंभराच्या पुढं सरकत नव्हता. साखरबाई चाती फिरवत बसली होती, आणि हात फिरता फिरता थांबला.

हे आकडे तिच्या ओळखीचे होते. लहानपणी बापाच्या कळपाबरोबर ती विजापूरकडं जात असे. बाप तिकडं लोकर आणि बकरी विकायचा, आणि ती शेजारी बसून ऐकायची. भाषा कधी आली नाही, पण वंदु, येरडु, मूरुपासून नूरुपर्यंतचे, म्हणजे एकपासून शंभरापर्यंतचे, आकडे अंगात मुरले होते. कितीतरी वर्षांत कानावर न पडलेले ते आकडे ऐकून तिचं भान सुटलं. बाप गिऱ्हाइकाला जसं मधल्या आकड्यावर आणायचा, तशी ती लिंबाखालून मोठ्यानं म्हणाली, "नूरनलवत्तु!"

म्हणजे एकशेचाळीस. ट्रकवाल्यानं वळून बघितलं, नऊवारीतली ही बाई आपल्या बाजूनं बोलली म्हणून त्याला हसू फुटलं, आणि त्यानं तेवढेच पैसे यांगूबाईच्या हातात ठेवून स्वेटर उचलला.

तो गेल्यावर यांगूबाई कमरेवर हात ठेवून साखरबाईपुढं उभी राहिली. तिनं हिंदीत, कन्नडमध्ये आणि स्वतःच्या बोलीत जे काही सुनावलं, त्याचा अर्थ एवढाच होता की तुझ्या एका शब्दानं माझे दहा रुपये गेले. साखरबाईला पटलं. दुसऱ्याच्या सौद्यात तोंड घालायचं नसतं, हा बाजाराचा साधा नियम तिनं मोडला होता. तिनं हातानं खूण करून तिला थांबायला सांगितलं, चाती खाली ठेवली आणि सरळ जाऊन स्वेटरच्या दुकानात बसली.

कॉलेजच्या दोन पोरी आल्या. साखरबाईनं त्यांचं गाव काढलं, एकीची आत्या काढली, गुलाबी रंग अंगावर किती खुलतो हे सांगितलं, आणि दोघींना दोन स्वेटर असे विकले की यांगूबाईनं स्वतः मागितले असते त्याहून वीस रुपये जास्त आले. पैसे तिच्या हातात देत ती म्हणाली, "दस तुमारे, गये ते. दस जादा. अब गुस्सा नको." यांगूबाईनं पैशांकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, आणि आतून थर्मासमधला चहा काढला.

तेव्हापासून दोघींची जोडी जमली. मराठी गिऱ्हाईक आलं की बोलायचं काम साखरबाईचं. किती खाली यायचं हे यांगूबाई कन्नड आकड्यात सांगायची आणि साखरबाई ते मराठीत आणायची. नको देऊ म्हणायचं असलं की कोडबेड. बदल्यात यांगूबाई सकाळच्या थंडीत घोंगडी पांघरून, डोक्यावरून खोळ करून लिंबाखाली बसायची. घोंगडीत बसलेली नेपाळी बाई बघायला माणसं थांबायची, आणि थांबलेल्या माणसाला साखरबाई सोडत नसे.

दुपारी भाकरी सोडली की दोघी खुणांनी आणि तीन भाषांच्या तुकड्यांनी बोलायच्या. यांगूबाईचा बापही मेंढरांचा माणूस होता. बर्फाच्या मुलखात त्याची मेंढरं होती, याक होते. ती पोटात असताना आईबाप सगळं तिकडंच टाकून आले. आता मुंडगोडला त्यांना सरकारनं जमीन दिलेली, त्यात मका आणि भात. साखरबाईनंही आपल्या सासऱ्याचा कळप कसा गेला ते सांगितलं. मेंढरं गेलेल्या घरात संध्याकाळी जी शांतता असते तिच्याबद्दल दोघींना फारसं बोलावं लागलं नाही.

जानेवारी लागता लागता लोणी भापकरचे हिंदुराव आले. त्यांच्याकडं दुधाचं संकलन होतं. पहाटे गारठ्यात दूध मोजणाऱ्या, कॅन उचलणाऱ्या आपल्या माणसांना द्यायला त्यांना पंचवीस स्वेटर हवे होते. एवढं मोठं गिऱ्हाईक त्या रांगेत कुणाकडंच आलं नव्हतं. यांगूबाईचे डोळे चमकले. हिंदुरावांनी नगाला शंभर म्हटलं. यांगूबाई कुजबुजत नूरहत्तुवर आली, एकशेदहा. पण साखरबाईला खेळाचा कैफ चढला होता. हा माणूस आणखी देईल अशी तिची खात्री होती. ती यांगूबाईकडं न बघता म्हणाली, "कोडबेड, कोडबेड." मग हिंदुरावांना मराठीत एकशेतीस सांगितले आणि यांगूबाईला कन्नडमध्ये त्याहून चढा आकडा ऐकवला. यांगूबाईला हसू आलं. हिंदुरावांनी दोघींकडं एकदा पाहिलं, स्वेटर खाली ठेवला आणि निघून गेले.

साखरबाई म्हणाली, येईल परत. ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. यांगूबाईनं भांडण केलं नाही. तिनं फक्त आपला स्टूल लिंबाच्या बाजूनं उचलून दुकानाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला. चहा आला नाही. संक्रांत झाली, ऊन तापायला लागलं, आणि न विकलेल्या मालाचे गठ्ठे प्लास्टिकखाली तसेच राहिले. ते परत न्यायचं म्हणजे भाडंच अंगावर येणार होतं.

रात्री साखरबाईनं ताटातली भाकरी तशीच परत टोपल्यात ठेवली. लेकीनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, आपली जीभ आपल्यालाच आवरली नाही. सकाळी तिनं बाजारात न जाता लोणी भापकरची एस. टी. धरली.

हिंदुरावांचं घर शोधायला त्रास पडला नाही. ओट्यावर त्यांची आई प्रयागबाई उन्हाला बसली होती. तिनं साखरबाईला पाणी दिलं, गूळ दिला, आणि लेकाला हाक मारली. हिंदुराव बाहेर आले, ओळखलं, आणि समोरच्या बाजेवर टेकले. साखरबाईनं थेट विचारलं, भाव जास्त वाटला म्हणून गेलात का?

"भावाचं न्हाय, बाई," हिंदुराव म्हणाले. "भाव काय, खाली-वर हुतोच. पर माझ्याच तोंडावर तुमी दोघी परक्या भाषेत बोलायला लागला अन् हसला. माणसाला वाटतं, आपल्याला येडं बनवत्यात."

आपल्याला जी गंमत वाटत होती ती समोरच्याच्या जिव्हारी लागत होती, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. इतकी वर्षं बाजारात बसून तिनं कुणाला हसण्यातून बाहेर ठेवलं नव्हतं. उलट हसण्यात घेऊनच तिनं गिऱ्हाइकं जोडली होती.

"चुकलं आमचं," ती म्हणाली. "तुमाला न्हाय हसलो. पर तुमाला कसं कळावं? ती नूरहत्तु म्हणत हुती. एकशेदहा. ती द्यायला तयार हुती, मीच आडवी आली."

मग तिनं सगळंच सांगितलं. बापाचे आकडे, ट्रकवाला, दहा रुपये, लिंबाखालचा स्टूल. प्रयागबाईला त्या आकड्यांची मौज वाटली. तिनं वंदुपासून म्हणून दाखवायला लावलं, आणि म्हातारी स्वतः म्हणू लागली. हत्तुपर्यंत, म्हणजे दहापर्यंत, येताना तिची बोटं दोनदा चुकली. हिंदुरावांच्या कपाळावरची आठी गेली. त्यांनी एकशेपाच म्हटलं. साखरबाईनं सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाली, एकशेपाच कबूल, पण गाडी तुमची पाठवायची, आणि माल ती बाई दाखवेल त्यातला तुम्ही स्वतः निवडायचा, म्हणजे मनात काही राहायचं नाही. हिंदुराव हसले. जाता जाता प्रयागबाईनं तिला घोंगडीचा भाव विचारला. आज मी दुसऱ्याच्या मालासाठी आले आहे, माझ्या मालाला पुन्हा येईन, असं सांगून साखरबाई उठली.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. पंचवीस स्वेटर बांधून झाले तेव्हा यांगूबाईनं स्टूल उचलला आणि लिंबाजवळ आणून ठेवला. साखरबाईनं तिला हिंदुरावांचं म्हणणं समजावून दिलं. बराच वेळ लागला, कारण येडं बनवणं हे खुणांनी सांगायला अवघड. कळल्यावर यांगूबाई गंभीर झाली. कॅम्पाबाहेरच्या बाजारात लोक तिच्यासमोर तिला न कळणाऱ्या भाषेत हसतात तेव्हा कसं वाटतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्यानंतर दोघींनी आकडे लपवणं सोडलं. साखरबाई गिऱ्हाइकालाच शिकवायची, ही नूरु म्हणते म्हणजे शंभर, तुमाला काय म्हणायचं ते तुमीच म्हणा तिला. माणसं लाजत लाजत कन्नड आकडे म्हणू लागली, चुकू लागली, यांगूबाई मराठी आकडे म्हणू लागली, त्याहून जास्त चुकू लागली. पन्नासला ती पनास म्हणायची आणि सत्तरला सतरा. सतराला मफलर द्या म्हणून एक जण अडून बसला तेव्हा सगळी रांग हसली, आणि सगळ्यांत जास्त यांगूबाई. गर्दी वाढली. शेजारची दुकानंही आपलं गिऱ्हाईक लिंबाकडं पाठवू लागली.

फेब्रुवारीत त्यांचं नवीन वर्ष, त्याआधी निघायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी यांगूबाई गिऱ्हाइकासारखी लिंबासमोर येऊन उभी राहिली. तिला बापासाठी घोंगडी हवी होती. मुंडगोडला पाऊस फार, म्हातारा मक्यात उभा राहतो, आणि स्वेटर भिजला की वाळत नाही. साखरबाईनं सांगितलं, घोंगडीवरून पाणी निथळून जातं. फुकट ने, असं तिच्या ओठावर आलं होतं, पण यांगूबाईचा चेहरा बघून तिनं ते गिळलं. समोर उभी होती ती घासाघीस करायला आली होती. तिला तेवढा मान द्यायला हवा होता.

साखरबाईनं चारशे म्हटलं. यांगूबाईनं मान खाजवून दाखवली आणि दोनशे म्हटलं. साखरबाईनं बर्फाची शपथ घातली, यांगूबाईनं दत्तोबाची. माणसं जमली. कुणी इकडून बोललं, कुणी तिकडून. अखेर दोनशेऐंशी आणि वर दत्तोबासाठी एक बिनबाह्यांचा राखाडी स्वेटर, यावर दोघींनी हातावर हात मारला. दत्तोबानं तो स्वेटर मागावर बसताना घातला तेव्हा साखरबाईनं कारखान्याचा विषय काढला नाही.

पुढच्या थंडीत यांगूबाई आली ती एकटी नाही, निरोप घेऊन. बाप घोंगडी अंगावेगळी करत नव्हता, आणि कॅम्पातल्या आणखी म्हाताऱ्यांना तशीच हवी होती. त्या वर्षी जाताना तिच्याबरोबर घोंगड्यांचं एक गाठोडं गेलं. पैसे कधी, कसे, यावर दोघींत बोलणं झालं नाही. ते पुढच्या हिवाळ्यात चोख आले, आणि त्यांच्यासोबत आमंत्रण आलं की माल घेऊन तुम्हीच या.

दत्तोबा आधी नाही म्हणाला. त्याला एवढ्या लांबच्या प्रवासात कुणाशी काय बोलावं लागेल याचीच काळजी. साखरबाई म्हणाली, "तुमी बोलूच नगा. तुमी गाठुडं धरा." पावसाच्या तोंडावर दोघं कोल्हापूर, मग हुबळी असं करत मुंडगोडला पोहोचली. उतरल्या उतरल्या तिला वाटलं आपण चुकून दुसऱ्याच देशात आलो. रंगीत पताका, लाल कपड्यातले साधू, आणि त्याच वेळी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मका, अगदी घरच्यासारखा. यांगूबाईनं दिलेला चहा खारट निघाला. साखरबाईनं साखरेची वाट बघत दोन घोट घेतले आणि मग वाट बघणं सोडून कप संपवला.

घराच्या पडवीत घोंगड्या मांडल्या. म्हातारी माणसं जमली, हात फिरवू लागली. यांगूबाईचा बाप काठी टेकत आला. सुरकुत्यांनी भरलेला चेहरा, एकही सबंध दात नाही. त्याला ना हिंदी येत होती, ना कन्नड. त्यानं एक घोंगडी उचलली, वास घेतला, कडेचा एक धागा उपटून काडीनं पेटवला, जळलेलं टोक चोळून लोकर खरी असल्याची खात्री केली. मग डोळे मिचकावून सगळ्यांच्या वतीनं साखरबाईसमोर मांडी घालून बसला आणि बोटं वर केली. दोन.

साखरबाईनं चार केली.

त्यानं घोंगडीतला जाड आलेला एक धागा शोधून दाखवला. साखरबाईनं दत्तोबाकडं बोट दाखवून कपाळाला हात लावला, म्हणजे ह्यांचं लक्ष नव्हतं. दत्तोबा खुदकन हसला. म्हाताऱ्यानं आपल्या बिनदाती तोंडाकडं बोट दाखवलं, म्हणजे मी गरीब. साखरबाईनं त्याच्या कानातल्या सोन्याच्या बाळीकडं बोट दाखवलं. पडवी हसली. म्हातारा उठून निघाल्यासारखं करायचा, दोन पावलं जायचा, परत येऊन बसायचा. साखरबाई गाठोडं बांधायला लागायची, गाठ सोडायची. असा माणूस तिला बारामतीत कधी भेटला नव्हता, इंदापुरातही नाही. लहानपणी बाप विजापूरकडं सौदे करायचा तेव्हाच काय तो असा रंग तिनं पाहिला होता. चहाचा दुसरा कप आला, थंड झाला, तिसरा आला. शेवटी भाव ठरला तो तिनं मनात धरला होता त्याहून बराच खाली, आणि तरीही हात मारताना तिचा चेहरा फुलला होता.

बाकीच्यांनी त्याच भावानं पटापटा घोंगड्या उचलल्या. सगळा माल संपला. दत्तोबा रिकामं फडकं घडी घालू लागला आणि बायकोला म्हणाला, चल, संध्याकाळची गाडी हाय. साखरबाई पदर सावरून उठली. तेवढ्यात म्हाताऱ्यानं तिच्या लुगड्याचा काठ हलकेच ओढला आणि लेकीला काही तरी सांगितलं.

यांगूबाई हसत म्हणाली, पुढच्या वर्षी त्याला आणखी दहा हव्यात, पण भाव आत्ताच ठरवायचा, असं म्हणतो.

म्हाताऱ्यानं दोन बोटं आधीच वर केली होती. साखरबाईनं नवऱ्याकडं पाहिलं, गाडीची वेळ झाली हे तिलाही कळत होतं. मग ती परत खाली बसली, मांडी नीट घातली आणि हात वर केला.